मोडीत न गेलेल्या वस्तूंचं पुणं

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी बीएसए कंपनीनं एक घडीची सायकल बनवली होती. सांगाड्याच्या मधोमध बिजागऱ्या आणि त्यांना हातानं पिळायचे मोठे विंगनट. नट सैल केले की सायकल दुमडते. पायडल म्हणजे नुसत्या दांड्या, त्याही आत सरकवता येतात. कारण ही सायकल घेऊन सैनिकानं विमानातून पॅराशूटनं उडी मारायची, आणि खाली आल्यावर घडी उलगडून रस्त्याला लागायचं. यातली एक सायकल पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात आहे. त्यांच्या संग्रहाची सुरुवात तिच्यापासून झाली. आज तिच्या संगतीला शंभरावर सायकली आहेत. रॅले, रज, सनबीम, बायकांच्या, पोरांच्या, दोघांनी मिळून चालवायच्या. शिवाय कार्बाइडचे दिवे, डायनामो, घंट्या, पंप, पंक्चरच्या डब्या आणि सायकलीशी काही संबंध नसलेल्या घरगुती जुन्या वस्तूंचा ढीग. २०१७ साली हे सगळं लोकांना बघायला खुलं झालं.

मी त्या विंगनटाला हात लावायला गेले आणि भाचीनं मागून ओढणी धरली. “मावशी, हात लावू नको गं!” माझा हात आपोआप गेला होता. आमच्याकडे शेतातल्या इंजिनाला, फवारणीच्या पंपाला असलेच नट असतात आणि ते दिसले की हात आधी जातो, डोकं मागून येतं.

मी येलदरीची. परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. आमच्या गावाचं नाव ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी ते धरणामुळे ऐकलं आहे. पावसाळ्यात पूर्णेला पाणी आलं, दरवाजे उघडले, की लोक गाड्या करून बघायला येतात, पुलावर भजी खातात, फोटो काढतात आणि जातात. म्हणजे बघायला येणाऱ्या माणसांची आम्हाला सवय आहे. आपण कुठं बघायला जावं, ही सवय मात्र नाही. जिंतूर-परभणीकडची माणसं पुण्याला जातात ती दवाखान्यासाठी, पोराच्या ॲडमिशनसाठी, कंपनीत लागलेल्या मुलाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीसाठी. हाताशी अर्धा दिवस उरलाच तर शनिवारवाडा आणि दगडूशेठ. फार झालं तर तुळशीबाग.

माझी भाची पेरूगेटाजवळच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मराठवाड्यातली निम्मी तरुण पोरं त्या गल्ल्यांत कॉट बेसिसवर राहतात असं कधीकधी वाटतं. तिला म्हटलं, या वेळी मला शनिवारवाडा दाखवू नकोस, जिथं सहसा कोणी जात नाही अशी संग्रहालयं दाखव. ती म्हणाली, “मी इथं इतकी वर्षं आहे, मीच कुठं गेलेय!” तेव्हा दोघींनी मिळूनच यादी केली.

यादीत केळकर संग्रहालय घ्यावं की नाही यावर आमचा वाद झाला. ते कमी माहितीचं नाही, शाळेच्या सहली तिथं जातात. पण बाकीची सगळी समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते. दिनकर गंगाधर केळकर यांचा धंदा चष्म्याच्या दुकानाचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि पुढं सत्तर वर्षं तो सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचंच नाव संग्रहालयाला दिलं. पुढं सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या हाती सोपवला. वस्तू वीस हजारांच्या वर, आणि एका वेळी मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे तुम्ही जे बघता त्याच्या कितीतरी पट मागच्या खोल्यांत झोपलेलं असतं.

तिथल्या मस्तानी महालाभोवती गर्दी होती, म्हणून आम्ही तिकडं वेळ घालवला नाही. मी वज्रींच्या कपाटापुढं उभी राहिले. वज्री म्हणजे टाचा घासायची वस्तू. खाली खरखरीत, वर धरायला मूठ. ती मूठ कुठं मोराची, कुठं हत्तीची, कुठं बाईची. न्हाणीघरात, जिथं कोणी बघणार नाही, तिथं मळ काढायच्या वस्तूवर कासारानं एवढी कारागिरी केली. अडकित्त्यांचंही तसंच. केळकरांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींच्या मागं न लागता स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पानाचं तबक गोळा केलं. आमच्याकडं आठवड्याला मोडवाला येतो. पितळेची घागर, तांब्याचा बंब, जुनं तबक देऊन बाया त्याच्याकडून स्टीलचे डबे घेतात. माझ्या आईनं घेतले, मीही घेतले. पुण्यातल्या पेठांतून त्याच काळात असा माल निघत होता, फक्त तिथं मोडवाल्याच्या आधी केळकर पोचत होते.

दुसऱ्या ठिकाणी जायला मी फारशी उत्सुक नव्हते. खेळण्यातल्या आगगाड्या, त्या काय बघायच्या? कोथरूडला ग. आ. कुलकर्णी पथावर सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्सच्या इमारतीत जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांना आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद होता. त्यांनी आधी तात्पुरती प्रदर्शनं भरवली आणि १ एप्रिल १९९८ रोजी हे कायमचं शहर उभं राहिलं. शहरच म्हणायला हवं. रूळ, बोगदे, उड्डाणपूल, दिव्याचे खांब, रस्ते, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर. सगळं एका खोलीत, बोटाच्या पेराएवढ्या माणसांसकट. माहिती सांगत सांगत दाखवण्याची पद्धत आहे. वाफेचं इंजिन शिट्टी देतं, सिग्नल पडतो, फाटक बंद होतं, आणि वेगळ्या वेगळ्या जातीच्या गाड्या आपापल्या रुळांवरून निघतात. मग खोलीतले दिवे मंद होतात, शहरात रात्र होते आणि खिडक्या-खांबांवरचे दिवे लागतात.

आमच्या जिंतूरला आगगाडी नाही. ती बघायची तर परभणीला नाहीतर सेलूला जायचं. मनमाडहून येणारी ती लाईन मीटरगेज होती, १९९०च्या दशकात ती रुंद झाली. लहानपणी सेलूला आत्याकडं गेलं की संध्याकाळी फलाटावर जाऊन बसणं ही आमची करमणूक होती. कोथरूडच्या त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. नातू थोड्या वेळानं चुळबुळ करू लागला, आजोबा मात्र काचेच्या इतकं जवळ गेले की त्यांना मागं सरका म्हणून सांगावं लागलं. मला तेव्हा वाटलं, ही जागा मुलांसाठी आहे असं सगळे म्हणतात खरं, पण ज्यांनी फाटकाशी उभं राहून डबे मोजले आहेत त्यांच्यासाठीच ती आहे. नातवाला फाटक बंद होण्यात काय मौज?

इथं एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकते. असल्या लहान संग्रहालयांना जाताना आधी फोन करावा. कुणाची सुट्टी सोमवारी, कुणाची भलत्याच वारी. कुठं दुपारी जेवणाची वेळ पाळतात, कुठं ठरावीक लोक जमल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. एका ठिकाणी तर आम्हाला फाटकावर कुलूपच भेटलं. समोरचा चहावाला म्हणाला, “साहेब लग्नाला गेलेत.” रागावून उपयोग नसतो. घरच्या माणसानं चालवलेलं काम आहे, घरात लग्न असलं की तेही बंद. आणि याच घरगुतीपणाचा फायदाही मिळतो. मोठ्या संग्रहालयात पाटी वाचून पुढं सरकावं लागतं. इथं तुम्ही दोन प्रश्न नीट विचारलेत तर किल्ली आणून कपाट उघडलं जातं.

डेक्कन कॉलेजला जायचं भाचीनं ठरवलं, आणि कारण उघड होतं. “जोर्वे संस्कृती परीक्षेला येते, मावशी.” तिनं रिक्षातच घडाघडा म्हणून दाखवलं : ताम्रपाषाण युग, संगमनेर तालुक्यातलं जोर्वे, लाल भांड्यांवर काळी नक्षी, इनामगाव, घोड नदी, उत्खनन १९६८ ते १९८३, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. एकही चूक नाही. मग येरवड्याच्या त्या जुन्या दगडी आवारातल्या पुरातत्त्वाच्या दालनात ती जोर्वेच्या तोटीच्या भांड्यापुढं उभी राहिली आणि गप्प झाली. भांड्याचा रंग विटकरी-केशरी, वर ब्रशानं ओढलेल्या काळ्या तिरप्या रेघा. पोटाशी कंबर दुमडल्यासारखी धार, आणि तिथूनच निघालेली लांब तोटी. “हे तर आपल्या झारीसारखंच आहे!” तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारानं ओढलेली रेघ एके ठिकाणी जराशी वाकडी गेली होती. तिनं ती बोटानं हवेत गिरवली. नोट्समध्ये ती वाकडी रेघ नसते.

इनामगावची एक गोष्ट मला विसरता येत नाही. तिथली माणसं आपले मृत घरातच, जमिनीखाली पुरायची. लहान मुलांना दोन रांजणांत घालून त्यांची तोंडं एकमेकांना जोडायची. मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. गेलेल्यानं उठून चालत जाऊ नये, इथंच राहावं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. पण पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला. त्याला माणसाच्या धडासारखा फुगीर आकार दिलेला होता आणि आत चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याचे पाय मात्र तोडलेले नव्हते. शेजारी धान्याचं कोठार. तो गावाचा प्रमुख असावा, असा तर्क उत्खनन करणाऱ्यांनी केला. पाटलाच्या पायाला हात लावायची हिंमत तेव्हाही कुणाला नव्हती, असं भाची म्हणाली. परीक्षेत हे लिहू नकोस, एवढंच मी म्हटलं.

याच आवारात मराठा इतिहासाचं संग्रहालय आहे, आणि त्याची कहाणी केळकरांच्या कहाणीला जोडून ऐकावी अशी आहे. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी आयुष्यभर कागद, चित्रं, नकाशे जमवले. नाना फडणविसांचं मेणवली दप्तर त्यांच्या हाती लागलं. १९२६ साली ते वारले. पुढं १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं, तेव्हा साताऱ्याचा तो संग्रह इथं आला. म्हणजे जमवणारा गेला, गाव बदललं, पण कागद जगले, कारण त्यांना सांभाळणारी संस्था मिळाली. सगळ्यांचं नशीब असं नसतं. एखाद्या वाड्यात शंभर वर्षं जपलेलं दप्तर वाटणीच्या भांडणात चार भावांत फाटतं आणि शेवटी रद्दीच्या तराजूत जातं. आपल्याकडच्या प्रत्येक गावात अशी एक तरी गोष्ट ऐकायला मिळते.

सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आणि स्मारक आम्ही शेवटी ठेवलं होतं, आणि ते बरं केलं, कारण तिथून निघून लगेच दुसरं काही बघवलं नसतं. १९९६ साली ते सुरू झालं. माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू इथं आहेत. पलंग, कपडे, चष्मा, भांडीकुंडी, मरणोत्तर मिळालेलं भारतरत्न आणि व्हायोलिन. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या मराठवाड्यात बाबासाहेब म्हणजे औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची सोळा-सतरा वर्षं, मोर्चे, जाळपोळ आणि १९९४चा १४ जानेवारी. गावोगावच्या पुतळ्यांत ते कोट घालून, बोट दाखवून उभे असतात. इथं ते पलंगावर आडवे होणारे, चष्मा पुसणारे, सूर नीट लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा गज फिरवणारे होतात. आमच्याबरोबर नांदेडकडचं एक कुटुंब होतं. आजी चपला काढून आत आल्या आणि पलंगाजवळ आल्यावर त्यांनी पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या मुलानं मोबाइल खिशात ठेवला. तिथं पाट्यांवर काय लिहिलं आहे हे मी नीट वाचलं नाही. वाचायला हवं होतं, पण त्या घरच्यांकडंच माझं लक्ष जात राहिलं.

बाकीची झरझर सांगते. केसरीवाड्यात टिळकांच्या वस्तू आहेतच, पण मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीत श्टुटगार्टला फडकवलेला झेंडा तिथं आहे, हे पुण्यातल्या रिक्षावाल्यालाही माहीत नव्हतं. घोले रस्त्यावरचं महात्मा फुले संग्रहालय १८९० सालचं. उद्योगधंद्यांचं संग्रहालय म्हणून ते सुरू झालं आणि त्याच्या दालनांत अजून त्या काळच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा वास आहे. कोरेगाव रस्त्याजवळ आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तिथले मुखवटे आणि वारली चित्रं बघावीत, पण पाट्या सरकारी भाषेत आहेत आणि वाचता वाचता झोप येते. क्रिकेटवेड्यांसाठी सहकारनगरात ब्लेड्स ऑफ ग्लोरी आहे. आम्ही गेलो नाही. भाचीला क्रिकेट आवडतं, मला नाही, आणि पैसे माझे होते.

परतीला मी सरळ जिंतूरची गाडी न धरता वाट वाकडी करून तेरला उतरले. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव बहुतेकांना गोरोबाकाकांमुळे माहीत असतं. पण गोरोबांच्याही हजारभर वर्षं आधी ते तगर नावानं समुद्रापारच्या व्यापाऱ्यांना माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर यांची नावं जोडीनं येतात. पैठणहून अकीक आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असंही त्यात आहे. तो बैलगाडीचा रस्ता आमच्याच मुलखातून गेला असणार.

तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यात मणी, मातीची खेळणी, नाणी वर येतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती जमवायला घेतली. शिकलेले पुरातत्त्वज्ञ येऊन उत्खनन करून गेले, पण रोज उठून टेकाडाकडं बघणारा माणूस गावचाच होता. त्यांच्या संग्रहातून आजचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचंच नाव आहे. रोमन नाण्यांच्या नकलेवर मातीत बनवलेली पदकं, गळ्यात अडकवायला कडी असलेली. खऱ्या सोन्याचं नाणं परवडत नव्हतं त्या काळच्या तेरकरानं मातीचं घातलं. साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, केसांची घडण एकीची दुसरीसारखी नाही. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण म्हणावी अशी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला, इसवी सन ७९च्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली आणि ती आज नेपल्सला आहे. पुण्यातल्या कुठल्याही संग्रहालयापेक्षा इथं मी जास्त वेळ थांबले. दालनात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती आणि त्यांचा चेंडू संग्रहालयाच्या भिंतीला लागत होता.

येलदरीत परतल्यावर धरणाकडं नव्यानं पाहणं आलंच. वीजगृह १९६८चं. साडेसात मेगावॉटचे तीन संच, मिळून साडेबावीस. वीज करून बाहेर पडलेलं पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात जातं आणि तिथून कालव्यानं हिंगोली-वसमतच्या शिवारात. धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं आसपास विखुरली. त्यांच्याकडं जमिनीच्या नोटिसा असतील, मोजणीचे नकाशे असतील, बुडालेल्या देवळातून उचलून आणलेले देव तर आहेतच. पलीकडं चारठाण्याला जुनी देवळं आणि बारवा उघड्यावर उभ्या आहेत, त्यांच्या खांबांना टेकून लोक गप्पा मारत बसतात. जमवायचं म्हटलं तर माल कमी नाही. केळकर किंवा लामतुरे आमच्या गल्लीत अजून जन्माला आलेले नाहीत, एवढंच. मी हे शेजारच्या आक्कांना सांगितलं आणि म्हटलं, तुमच्याकडं ती लाकडी पायली आणि अधोली आहे ना, पितळी पट्ट्यांची, ती मोडवाल्याला देऊ नका, मला द्या, मी जपून ठेवते.

आक्का म्हणाल्या, “देते की. पण सुगी होऊ दे. ज्वारी अजून त्याच पायलीनं मोजतो आम्ही.”